नंबर बरोबर आहे, तरी वाचताना त्रास होतो? व्हिजन थेरपीबद्दल जरा सविस्तर

व्हिजन थेरपीचा, म्हणजे दोन्ही डोळ्यांना जोडीनं काम करायला शिकवणाऱ्या सरावाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "यानं चष्मा जातो का?" तर नाही. नंबर जात नाही. पण हे ऐकलं की लोक "मग काय उपयोग" म्हणून तिथेच विषय सोडून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ज्यांना याचा उपयोग होण्यासारखा असतो त्यातल्या कितीतरी जणांना आपल्या डोळ्यांचं काही बिनसलंय हेच माहीत नसतं, त्यांना वाटत असतं की आपलं वाचनात लक्ष लागत नाही, आपल्याला चिकाटी नाही, आणि लहान मूल असेल तर घरचे म्हणतात की अभ्यास टाळतोय. म्हणून आज जरा बैजवार लिहिते.

आधी माझं सांगते. कामाला लागल्यावर दिवसभर स्क्रीन आणि कागद सुरू झालं आणि दुपार कलली की दोन्ही भुवयांच्या मधोमध ठणकायला लागायचं. वाचताना ओळी एकमेकींत शिरायच्या, ओळ संपवून पुढच्या ओळीवर यायचं तर भलत्याच ओळीवर जाऊन पडायचे, तीच ओळ परत परत वाचायचे. हळूहळू एक डोळा झाकून वाचायची सवय लागली, म्हणजे मुद्दाम नाही, गाल हातावर टेकवून बसायचं आणि तळवा आपोआप डाव्या डोळ्यावर यायचा, तेवढ्यानं बरं वाटायचं. डोळे तपासून घेतले, वेगवेगळ्या ठिकाणी घेतले, सगळीकडे तक्त्यावरची शेवटची ओळ मी धडाधड वाचून दाखवली, सहा बाय सहा, डोळे उत्तम, झोप घ्या आणि पाणी प्या. आणि खरं सांगायचं तर ते जे तपासत होते ते उत्तमच होतं.

गोम इथेच आहे. तो तक्ता आपण लांबून वाचतो आणि बहुतेक वेळा एकेक डोळा झाकून वाचतो. म्हणजे त्यातून कळतं काय, तर उजव्या डोळ्याला एकट्याला लांबचं किती स्पष्ट दिसतं आणि डाव्याला किती. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हातभर अंतरावरच्या कागदावर, तासभर, ते एकमेकांबरोबर कसं काम करतात हे त्या तक्त्यातून कळत नाही, त्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत आणि त्या नेहमीच्या नंबर काढण्यात होतातच असं नाही.

जवळचं बघताना डोळ्यांना एकदम तीन गोष्टी कराव्या लागतात. दोन्ही बुबुळं नाकाकडे वळतात, आतलं भिंग फुगून फोकस जवळ आणतं आणि बाहुली लहान होते. हे तिन्ही मेंदू एकत्र चालवतो. मग दोन डोळ्यांतून आलेली दोन चित्रं, जी किंचित वेगळी असतात कारण डोळे दोन वेगळ्या जागी आहेत, ती मेंदू जुळवून एक करतो आणि त्या किंचित फरकातूनच आपल्याला खोली कळते, कुठली वस्तू पुढे कुठली मागे. यातलं आत वळणं कमी पडलं तर त्याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात. नाव अवघड आहे पण गोष्ट साधी आहे, लांबचं बघताना डोळे नीट जोडीनं असतात आणि जवळ आणलं की बाहेर सरकायला बघतात, मग त्यांना ओढून धरायला मेंदू सतत राबतो, आणि तो ठणका त्या राबण्याचा.

मला हे शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्ट बाईंकडे कळलं. त्यांनी तक्ता नंतर काढला, आधी विचारलं, "वाचताना एक डोळा मिटावासा वाटतो का?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मग एक पेन्सिल माझ्या नाकाच्या रेषेत समोर धरली आणि म्हणाल्या, "टोकाकडे बघत राहा, दोन दिसायला लागली की सांगा," आणि हळूहळू जवळ आणायला लागल्या. ती नाकापासून चांगली लांब असतानाच फाटली. दोन पेन्सिली. मी म्हटलं, "दोन झाल्या," तर त्या म्हणाल्या, "हो, मला दिसलं, तुमचा डावा डोळा बाहेर गेला." ही झाली जवळच्या बिंदूची तपासणी. साधारणपणे पेन्सिल नाकापासून सहा सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसायला हवी, त्याच्या आधीच फाटत असेल तर पुढे तपासायला हवं. एवढ्यावरच निदान होत नाही हेही लक्षात ठेवा. प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारी काच, डोळ्यासमोर धरून डोळे किती बाहेर कलतात ते लांबचं आणि जवळचं वेगवेगळं मोजतात, जोडी किती ताण सहन करते ते मोजतात, फोकस किती पटकन बदलतो ते बघतात, आणि त्रासाबद्दल पंधरा प्रश्नांची एक यादी असते तिचे गुण काढतात.

आता ही थेरपी म्हणजे काय. डोळ्यांचे स्नायू पिळदार करणं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण स्नायूंमध्ये ताकद बहुतेक वेळा भरपूर असते, कमी असतो तो ताळमेळ. दोन माणसं मिळून टेबल उचलतायत आणि दोघंही धट्टेकट्टे आहेत पण एक जण आधी उचलतो आणि दुसरा मागून, तर टेबल डुगडुगणारच, तसं. म्हणजे शिकवायचं असतं ते मेंदूला. आणि ही कल्पना आजकालची नाही, एकोणिसाव्या शतकात एमिल जावाल नावाचे फ्रेंच डॉक्टर तिरळेपणासाठी स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं साधन, वापरून रुग्णांकडून डोळ्यांची जोडी बसवून घ्यायचे. पुढे लंडनमध्ये मेरी मॅडॉक्स यांनी १९२० च्या दशकात हेच काम पूर्ण वेळ सुरू केलं, त्यांना पहिल्या ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे डोळ्यांची जोडी बसवून देणाऱ्या तज्ज्ञ, मानतात. त्यांचे वडील अर्नेस्ट मॅडॉक्स हेही डोळ्यांचे डॉक्टर, डोळे किती कलतात ते बघायची त्यांच्या नावाची मॅडॉक्स रॉड अजूनही तपासणीच्या खोलीत असते.

मला सगळ्यात जास्त ज्यानं शिकवलं ते म्हणजे एक दोरी. ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात, फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावावरून. पांढरी दोरी आणि तिच्यात ओवलेले तीन रंगीत मणी, बस. एक टोक दाराच्या मुठीला बांधायचं, दुसरं टोक ताणून आपल्या नाकाच्या शेंड्याला लावायचं आणि मधल्या मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे बरोबर काम करत असतील तर एक गंमत दिसते, आपण बघतोय तो मणी एकच दिसतो पण त्याच्या पुढचा आणि मागचा मणी दोन दोन दिसतात, आणि दोरीही दोन दिसतात, त्या दोन दोऱ्या बरोबर आपल्या मण्यात एकमेकींना छेदून फुली करतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं दोन दिसणं म्हणजे बिघाड, पण इथे उलट आहे, बाकीचं दोन दिसायलाच हवं, तो दोन्ही डोळे चालू असल्याचा पुरावा. एकच दोरी दिसली तर मेंदूनं एका डोळ्याचं चित्र बंद करून टाकलंय.

माझी फुली मण्यात पडायचीच नाही. लांबच्या मण्यावर पडायची, मधल्यावर जरा कष्टानं पडायची, आणि जवळच्या मण्याकडे बघितलं की ती मण्याच्या मागे, दोरीवर कुठेतरी पडायची. म्हणजे मी मण्याकडे बघतेय असं मला वाटत होतं पण माझे डोळे प्रत्यक्षात मण्याच्या मागे कुठेतरी जाऊन जुळत होते. हे डोळ्यांनी दिसतं ना, म्हणून मला ती दोरी इतकी आवडते. कोणी सांगायची गरज नाही, मशीन नको, रिपोर्ट नको, चूक कुठे आणि किती ती समोर दोरीवर दिसते आणि मग तुम्ही ती फुली ओढून ओढून मण्यात आणायला शिकता. ओढून म्हणजे नक्की काय करायचं हे शब्दांत सांगता येत नाही. बाई म्हणायच्या, "जवळ बघतोय असं वाटू द्या, डोळे आपण येतील," आणि बराच काळ ते येत नव्हते, मग कधीतरी यायला लागले, मग टिकायला लागले.

बाकीचीही बरीच साधनं असतात. फ्लिपर म्हणून एक दांडी असते, एका बाजूला अधिक दोनची भिंगं, दुसऱ्या बाजूला उणे दोनची, ती डोळ्यांसमोर धरून बारीक अक्षर वाचायचं, स्पष्ट झालं की दांडी उलटायची, परत स्पष्ट होईपर्यंत थांबायचं. एका भिंगानं फोकस सैल सोडावा लागतो आणि दुसऱ्यानं आवळावा लागतो, त्यामुळे आतलं भिंग पटापट बदलायला शिकतं. लाल हिरवा चष्मा लावून बघायची चित्रं असतात, त्यात एक डोळा एक चित्र बघतो आणि दुसरा दुसरं, आणि दोन्ही जुळली की मधला आकार पुढे उचलून आल्यासारखा दिसतो. प्रिझम असतात. कॉम्प्युटरवरचे प्रोग्राम असतात. सुरुवातीच्या दिवसांत डोकं जास्त दुखतं, मळमळल्यासारखंही होतं, हे आधी सांगितलेलं बरं कारण त्याच भीतीनं पुष्कळ जण सोडून देतात.

"पण हे खरंच चालतं की मनाचे खेळ?" असं मला माझ्या भावानं विचारलं होतं आणि प्रश्न अगदी रास्त आहे. या एका आजाराबद्दल तरी उत्तर चांगलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल छापून आले, ९ ते १७ वयाची २२१ मुलं, सगळ्यांना कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी, आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला घरी पेन्सिल जवळ आणायचा व्यायाम, दुसऱ्याला घरी कॉम्प्युटरवरचा व्यायाम आणि जोडीला पेन्सिल, तिसऱ्याला दर आठवड्याला क्लिनिकमध्ये तासभर थेरपी आणि घरी थोडा सराव, आणि चौथ्याला क्लिनिकमध्ये तशीच दिसणारी पण खोटी थेरपी. बारा आठवडे. शेवटी तिसऱ्या गटातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली, पेन्सिलवाली ४३ टक्के, कॉम्प्युटरवाली ३३ टक्के आणि खोट्या थेरपीवाली ३५ टक्के.

हे आकडे मला दोन्ही अंगांनी महत्त्वाचे वाटतात. एक तर नीट, कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेली थेरपी खरंच काम करते. आणि दुसरं म्हणजे खोट्या थेरपीनंसुद्धा तिघांपैकी एकाला बरं वाटलं, म्हणजे "माझ्या ओळखीतल्या एकाला फरक पडला" यावर कुठलाही उपचार जोखू नये. शिवाय बऱ्याच ठिकाणी "घरी पेन्सिल व्यायाम करा" एवढं सांगून पाठवून देतात आणि मूल सुधारलं नाही की थेरपीच निरुपयोगी असं ठरतं, तर त्या मुलाला थेरपी मिळालीच कुठे. मोठ्या माणसांमध्ये अशा चाचण्या कमी झाल्यात, पुरावा मुलांइतका भक्कम नाही, आणि मला स्वतःला खूप फरक पडला असला तरी मी हे सांगतेच, कारण माझा अनुभव म्हणजे पुरावा नाही.

आता आळशी डोळा, म्हणजे अँब्लिओपिया. इथे गोष्ट वेगळी आहे आणि इथे वेळेला फार किंमत आहे. लहानपणी एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, किंवा डोळा तिरळा असेल, किंवा जन्मतः मोतीबिंदू असेल तर त्या डोळ्याचं चित्र मेंदूला नीट मिळतच नाही आणि मेंदू ते वापरायचं सोडून देतो. डोळा आतून तपासला तर निरोगी, पडदा चांगला, आणि तरी चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून दाखवलं होतं की मग तो उघडल्यावरही मेंदूतल्या पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि हे लहान वयातच होतं, मोठ्या मांजरीत तसं होत नाही. त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

माझ्या भाचीला हे होतं. शाळेच्या तपासणीत कळलं, त्याआधी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं कारण एका चांगल्या डोळ्यावर मूल मजेत खेळत असतं, पळत असतं, त्याला माहीतच नसतं की इतरांना दोन्हीकडून दिसतं. तिला आधी फक्त चष्मा दिला आणि ताईचा जीव खालीवर, "एवढ्यानंच भागणार का, डोळ्यांचे व्यायाम का देत नाहीयेत?" पण पहिली पायरी चष्माच असते, आणि तो दिवसभर लावायचा. नंबरमधल्या फरकामुळे झालेल्या अँब्लिओपियामध्ये नुसत्या चष्म्यानंच बऱ्याच मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळींनी सुधारते आणि साधारण चौघांपैकी एकाचं तर तेवढ्यानंच भागतं, हे २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

भाचीचं चष्म्यानं थांबलं तिथून पट्टी सुरू झाली. चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे कमकुवत डोळ्याला काम करावंच लागतं. आणि इथे एक फार दिलासा देणारी गोष्ट आहे, पूर्वी दिवसदिवस पट्टी लावायचे, पण २००३ मध्ये सात वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मध्यम अँब्लिओपियासाठी रोज दोन तास पट्टी आणि रोज सहा तास पट्टी यांचा परिणाम चार महिन्यांनी सारखाच निघाला. दोन तास कुठल्याही घराला जमतात. पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालून तो तात्पुरता धूसर करायचाही पर्याय असतो, डॉक्टर ठरवतात. भाची पट्टी लावून ठिपके जोडायची चित्रं करायची, पहिल्या पानांवर तिच्या रेघा ठिपक्याच्या बाजूनंच जायच्या, एकही ठिपक्यावर नाही, आणि ती चिडून पट्टी ओढायची. ती पानं ताईनं जपून ठेवलीत कारण पुढच्या पानांवर रेघ ठिपक्यावर यायला लागलेली दिसते.

सात वर्षांनंतर काही होत नाही असं जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. २००५ च्या अभ्यासात ७ ते १२ वयाच्या मुलांपैकी चष्म्याबरोबर पट्टी, थेंब आणि जवळचं काम दिलेली ५३ टक्के मुलं सुधारली, नुसता चष्मा दिलेली २५ टक्के. तेरा ते सतरा वयात ज्यांच्यावर आधी पट्टीचा उपचार झालाच नव्हता त्यांच्यातही फरक दिसला. लवकर केलं तर उत्तमच, पण मूल दहा वर्षांचं आहे म्हणून हात झटकणाऱ्याचं ऐकू नका, दुसरीकडे दाखवा. हल्ली दोन्ही डोळे एकत्र वापरायला लावणारे डिजिटल उपचारही आलेत, डोळ्यांवर हेडसेट लावून व्हिडिओ बघायचा आणि त्यात चांगल्या डोळ्याला चित्र फिकं दाखवतात. अमेरिकेत २०२१ मध्ये ल्युमिनोपिया नावाच्या अशा उपचाराला ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी मिळाली. सगळ्याच गेम आणि अॅपना असा आधार नाही, तेव्हा नाव बघून नाही, चाचणी झालीय का ते विचारून घ्या.

मोठ्यांचं काय, तर सुझन बॅरी यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्या स्वतः मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक. तान्ह्या असल्यापासून डोळे तिरळे, लहानपणी ऑपरेशनं झाली, डोळे दिसायला सरळ झाले पण खोली कधी दिसलीच नाही, जग सपाट. वयाच्या ४८ व्या वर्षी व्हिजन थेरपी सुरू केली, त्यात ही मण्यांची दोरीसुद्धा होती, आणि एक दिवस गाडीत बसल्यावर स्टिअरिंग डॅशबोर्डपासून सुटून पुढे हवेत आल्यासारखं दिसलं. तोवर पुस्तकांत असंच शिकवलं जायचं की लहानपणचा काळ गेला की हे शक्य नाही. मला हे वाचून भरून आलं होतं. पण यातून प्रत्येक मोठ्या तिरळ्या माणसाला खोली दिसायला लागेल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि त्यात एक धोकाही आहे जो फारसा कोणी सांगत नाही. ज्यांचा मेंदू वर्षानुवर्षं एका डोळ्याचं चित्र दाबून ठेवतोय त्यांची ती दाबण्याची सवय मोडली आणि दोन्ही चित्रं जुळलीच नाहीत, तर कायमचं दोन दोन दिसायला लागू शकतं. त्यामुळे मोठ्या वयात तिरळेपणासाठी हे करायचं तर आधी चित्रं जुळायची क्षमता आहे का हे तपासणाऱ्याकडेच, व्हिडिओ बघून घरच्या घरी अजिबात नाही.

डोक्याला मार लागून कन्कशन झाल्यावरही बऱ्याच जणांचं डोळ्यांचं आत वळणं आणि फोकस बिघडतो, स्क्रीन सहन होत नाही, तिथेही ही थेरपी वापरतात. स्ट्रोकनंतर अर्धी बाजू दिसेनाशी झालेल्यांना त्या आंधळ्या बाजूकडे नजर मुद्दाम फिरवायचं शिक्षण देतात, त्यानं गेलेला भाग परत येत नाही पण वावरणं आणि वाचणं सोपं होतं.

आता जिथे उपयोग नाही ते, कारण याच ठिकाणी लोकांची फसवणूक होते आणि त्याचा मला मनापासून राग आहे. मायनस नंबर हा डोळ्याच्या लांबीचा प्रश्न आहे, गोळा लांबट झालेला असतो, व्यायामानं तो आखूड होत नाही. मुलांचा वाढता नंबर धीमा करायला बाहेर उजेडात खेळणं, कमी ताकदीचे अॅट्रोपिन थेंब, खास लेन्स असे वेगळे उपाय आहेत. चाळिशी म्हणजे आतलं भिंग कडक होणं, तेही व्यायामानं मऊ होत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचे आजार, यांना व्यायाम हा उपचार नाही आणि काचबिंदूमध्ये व्यायाम करत बसून वेळ घालवला तर गेलेली नजर परत येत नाही. "चष्मा फेकून द्या" म्हणणारं जे काही आहे ते बहुतेक विल्यम बेट्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कल्पनांवरच उभं आहे आणि त्या कल्पना तेव्हाही सिद्ध झाल्या नव्हत्या. एक अपवाद फक्त लक्षात ठेवा, कधीकधी फोकस आवळलेलाच राहतो आणि खोटाच मायनस नंबर दिसतो, मुलांमध्ये विशेष, म्हणून मुलांचा नंबर थेंब घालून काढायला सांगतात.

आणि डिस्लेक्सिया. ज्या घरात मूल वाचत नाही त्या घराची अवस्था मी जवळून पाहिलीय, आईबाप काहीही करायला तयार असतात, आणि अशा वेळी कोणी "डोळ्यांची थेरपी करा, वाचायला लागेल" म्हटलं की ते ऐकणारच. पण डिस्लेक्सिया हा ध्वनी आणि अक्षरं जोडण्यातला, म्हणजे भाषेच्या बाजूचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की डिस्लेक्सियासाठी व्हिजन थेरपीला शास्त्रीय आधार नाही. त्यानंतर ज्या लोकांनी वरची २२१ मुलांची चाचणी केली त्यांनीच ३११ मुलांवर आणखी एक केली, सोळा आठवड्यांची, की कन्व्हर्जन्स सुधारलं तर वाचलेलं समजणंही सुधारतं का, आणि २०१९ मध्ये निकाल आला की खोट्या थेरपीपेक्षा जास्त सुधारत नाही. स्वतःच्या उपचाराबद्दल असा निकाल ज्यांनी उघडपणे छापला त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. एखाद्या मुलाला दोन्ही असू शकतं, डोळ्यांचाही ताण आणि डिस्लेक्सियाही, तर डोळ्यांची थेरपी ठणका कमी करेल, ओळी स्थिर करेल, पण वाचन शिकवायला वाचनाचाच खास शिक्षक लागेल आणि त्यातली वर्षं वाया जाऊ देऊ नका.

काही गोष्टी थेरपीच्या रांगेत थांबायच्याच नाहीत. अचानक दोन दोन दिसायला लागणं, सोबत पापणी खाली पडणं, एका बाजूची बाहुली मोठी होणं, भयंकर डोकं दुखणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर सरळ इमर्जन्सीत. लहान मुलाच्या बाहुलीत फोटोमध्ये पांढरी चमक दिसली तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, तो पडद्याच्या कॅन्सरचाही इशारा असू शकतो. आणि बाळाचा डोळा तीन चार महिन्यांनंतरही तिरळा होत असेल तर "मोठं झालं की जाईल" म्हणून वाट बघायची नाही.

थेरपी घ्यायचीच असेल तर पहिल्या भेटीत निदानाचं नाव विचारा. "डोळे कमजोर आहेत" किंवा "मेंदू आणि डोळ्यांचं कनेक्शन नीट नाही" हे निदान नव्हे. मग मापं लिहून मागा, पेन्सिल किती सेंटिमीटरवर फाटली, प्रिझमनं किती मोजलं, लक्षणांच्या यादीचे गुण किती, आळशी डोळा असेल तर तक्त्यावरची ओळ कुठली. किती आठवड्यांनी परत मोजणार ते तारखेनिशी ठरवून घ्या. घरचा सराव रोज कोण करून घेणार हे घरात आधी ठरवा, कारण रोजची पंधरा मिनिटं ऐकायला सोपी आहेत आणि करायला नाहीत, आमच्याकडे भाचीची पट्टी शेवटी आजोबांनी अंगावर घेतली तेव्हाच नियमित झाली. बारा ते सोळा आठवडे नीट सराव करूनही मापं हलली नसतील तर पुढचं पॅकेज घेऊ नका, थांबा, निदान परत तपासायला सांगा, हवं तर दुसऱ्या डॉक्टरांकडून. माझी पेन्सिल आता पाच सेंटिमीटरवर फाटते, मधूनमधून मी मोजते, आणि परत लांब जायला लागली की दोरी काढते.